ड्युअल बूटचं ग्रब दर थोड्या दिवसांनी गायब होतंय? आधी मशीनमधला सेल बघा

तक्रार बहुतेक वेळा एकाच सुरात येते. सेकंडहँड डेस्कटॉप घेतला, विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकलं (यालाच ड्युअल बूट म्हणतात), काही दिवस झकास चाललं. मग एके सकाळी मशीन चालू केलं तर कोणती सिस्टिम हवी ते विचारणारा मेनूच, म्हणजे ग्रब, आला नाही, थेट विंडोज सुरू झालं. कुणीतरी सांगितलं म्हणून लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स इन्स्टॉल न करता थेट चालतं) 'बूट रिपेअर' नावाचं दुरुस्तीचं साधन चालवलं, मेनू परत आला. आणि थोड्या दिवसांनी परत तेच.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे "विंडोजने अपडेटमध्ये ग्रब उडवलं असणार, परत टाक." कधी कधी ते खरंही असतं. पण दहा-बारा वर्षं जुन्या, ऑफिसातून निघालेल्या मशीनवर हा प्रकार पुन्हापुन्हा होत असेल तर दुरुस्तीला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: ग्रब गायब होतं ते नेमकं कधी? अपडेट झाल्यावर, की मशीनचा वीजपुरवठा तुटल्यावर? माझ्या अनुभवात अशा मशीनवर दुसरं कारण जास्त सापडतं, आणि त्याचं मूळ मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलमध्ये असतं.

विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या आय-५ची चांगली धडधाकट मशीनं स्वस्तात बाजारात आली आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर तालुक्याच्या दुकानात, तीच काळी लांबट खोकी रचून ठेवलेली दिसतील. घेणारा लिनक्स टाकतो, पण विंडोज सोडता येत नाही. कुणाला टॅली लागतं, कुणाकडे श्रीलिपीतल्या जुन्या फाइली आहेत, कुणाचं डिजिटल सहीचं टोकन फक्त विंडोजवरच चालतं. म्हणून ड्युअल बूट.

आता मुळात काय बिघडतं ते बघू. डेस्कटॉपचा प्लग लावलेला असेल आणि भिंतीवरच्या बोर्डाचं बटण चालू असेल, तर मशीन 'शट डाउन' केलेलं असतानाही एसएमपीएस (मशीनच्या आतला वीजपुरवठ्याचा डबा) मदरबोर्डला पाच व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत असतो. घड्याळ आणि बायोसची (मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणाऱ्या, बोर्डातच बसवलेल्या प्रोग्रॅमची, म्हणजे फर्मवेअरची) सेटिंग्ज त्यावर तग धरतात, सेलवर फारसा भार येत नाही. ऑफिसात हे मशीन वर्षानुवर्षं यूपीएसवर असतं, कुणी प्लग काढत नाही. त्यामुळे सेल अशक्त झालाय हे तिथे कुणाच्या लक्षातच येत नाही. पुढे मशीन लॉटमध्ये विकलं जातं, गोदामात महिनोन्‌महिने विजेविना पडून राहतं आणि उरलासुरला सेल तिथे संपतो. दुकानदार रॅम वाढवतो, एसएसडी टाकतो, बाहेरून पुसून चकचकीत करतो. सेल बदललेलं मशीन मात्र मी क्वचितच पाहिलंय.

आणि मग ते आपल्या घरी येतं. आपल्याकडे झोपताना बोर्डावरचं बटण बंद करायची सवय, गावाला जाताना मेन स्विच पाडायची सवय, शिवाय लाइट जाते ती वेगळीच. स्टँडबाय तुटला की सगळा भार सेलवर. सेल कमजोर असेल तर सेटिंग्ज विसरली जातात आणि पुढच्या वेळी फर्मवेअर कारखान्यातून निघताना जी मूळ मूल्यं होती ती भरून मोकळं होतं. बूटचा क्रम बदलतो, कधी बूटचा मोड बदलतो, कधी साटाचा (डिस्क जोडायच्या पोर्टचा) मोड.

ग्रब कुठेही गेलेलं नसतं! ते डिस्कवर होतं तिथेच असतं. फर्मवेअर त्याला बोलवायचं विसरलेलं असतं, एवढंच.

याची खात्री अर्ध्या मिनिटात करता येते. मशीन चालू करताना एका वेळेपुरता बूट मेनू उघडा. कंपनीप्रमाणे कळ बदलते, एफ१२, एफ९, एफ८, एफ११, एस्केप यांपैकी एक असते. तिथल्या यादीत 'उबुंटू', 'डेबियन' असं जे काही तुम्ही टाकलंय त्याचं नाव दिसलं (मिंट टाकलं असेल तरी इथे बहुधा 'उबुंटू'च दिसतं, दचकू नका) आणि ते निवडल्यावर ग्रबचा मेनू नीट आला, तर ग्रब परत टाकण्याची काहीएक गरज नाही. बिघाड क्रमात आहे. बूट रिपेअर चालवल्यावर 'दुरुस्त' होतं ते याचमुळे: ते इतर कामांबरोबर बूटची नोंद नव्याने लिहितं आणि लिनक्सला वर आणून ठेवतं. मूळ दुखणं तसंच राहतं आणि पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझा एक मावसभाऊ पुण्यात भाड्याच्या खोलीत राहतो. त्याचा ठरलेला फोन सोमवारी यायचा. "दादा, परत थेट विंडोज येतंय. अपडेटचाच घोळ आहे बहुतेक." त्याला म्हटलं, अपडेट सोमवारी कशाला येईल? विंडोजचे महिन्याचे मुख्य अपडेट अमेरिकेतल्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, म्हणजे आपल्याकडे ते मंगळवारी रात्री किंवा बुधवारी पोचतात. सोमवारी काय वेगळं होतं ते आठव. तर हा शनिवारी दुपारी साताऱ्याला घरी जायचा आणि निघताना खोलीचा मेन स्विच बंद करायचा. इतर दिवशी नुसतं शट डाउन, बोर्डाचं बटण चालूच. बोलता बोलता अजून एक गोष्ट निघाली. दर सोमवारी ब्राउझर त्याला "तुमचं घड्याळ मागे आहे" म्हणून अडवायचा आणि एकही साइट उघडायची नाही. हा बिचारा खाली कोपऱ्यात जाऊन तारीख हाताने दुरुस्त करायचा. ती त्याच्या लेखी वेगळी तक्रार होती, म्हणून त्याने ती मला कधी सांगितलीच नव्हती. विंडोजमध्ये तारीख २०१३ची दिसत होती.

तर पहिली खूण घड्याळाची, पण घड्याळ किती चुकलंय ते नीट बघायचं. बरोबर साडेपाच तासांचा फरक असेल तर सेलला दोष देऊ नका. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळातली वेळ स्थानिक वेळ समजतं, लिनक्स ती जागतिक वेळ समजून त्यात आपले साडेपाच तास मिळवतं. म्हणून लिनक्समधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे, आणि विंडोजने दुरुस्त केल्यावर लिनक्समध्ये आलं की इंटरनेट मिळेपर्यंत साडेपाच तास पुढे. ड्युअल बूटची ही जन्मखोड आहे. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल' या कमांडला 'सेट-लोकल-आरटीसी १' सांगितलं की ती जाते (कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन छोटी अक्षरं). पण घड्याळ काही वर्षं मागे गेलं असेल, तारीख १ जानेवारी किंवा मशीनच्या जन्माच्या आसपासची दिसत असेल, तर निदान झालंच म्हणून समजा. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर अपडेट करताना "रिलीज फाइल अजून वैध नाही" अशा अर्थाचा संदेश आला तर तोही याच घराण्यातला.

दुसरी खूण चालू होतानाच्या पडद्यावर असते: 'टाइम ऑफ डे नॉट सेट', 'सीमॉस चेकसम एरर', '१६३ टाइम अँड डेट नॉट सेट' असलं काहीतरी, आणि खाली एफ१ दाबा. बरेच जण वाचण्याआधीच एफ१ दाबून पुढे जातात. शिवाय जुना मॉनिटर जागा व्हायला इतका वेळ घेतो की कधी कधी संदेश येऊन गेलेला असतो. शंका असेल तर मॉनिटर आधी चालू करून ठेवा, मग मशीन.

सेल बदलणं हे घरी करण्यासारखं काम आहे. सेलचं नाव सीआर२०३२: ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा. घड्याळाच्या किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात अगदी किरकोळ पैशांत मिळतो. मागताना नंबर स्पष्ट सांगा आणि हातात आल्यावर सेलच्या पाठीवर वाचून घ्या. दुकानदार "एकच आहे हो" म्हणून सीआर२०२५ देतो. तो व्यासाने तेवढाच पण पातळ असतो, खाचेत बसतो पण सैल राहतो आणि मशीन हलवलं की संपर्क सुटतो. रिचार्ज होणारा एलआयआर२०३२ही नको, त्याचा व्होल्टेज जास्त असतो.

आधी प्लगच काढायचा, नुसतं बटण बंद करून भागवू नका. मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे मदरबोर्डात साठलेली वीज निघून जाईल. हात एकदा कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावा. ऑफिसच्या मशीनचं झाकण बहुधा स्क्रूड्रायव्हरशिवाय, एक खटका ओढून निघतं. छोट्या खोक्यात सेल सहज दिसत नाही, तो हार्डडिस्कच्या किंवा डीव्हीडीच्या पिंजऱ्याखाली दडलेला असतो, पिंजरा उचलावा लागतो. सेल खाचेत आडवा असेल तर कडेला एक छोटी धातूची जीभ दिसेल. ती नखाने बाहेरच्या बाजूला ढकलली की सेल स्वतःच वर उडी मारतो. सेलच्या कडेखाली स्क्रूड्रायव्हर घालून तो उपटू नका. खाच तुटली तर मग सेल चिकटपट्टीने धरून ठेवायची वेळ येते, आणि असं मशीन मी पाहिलंय. अधिक चिन्हाची बाजू वर. काही बोर्डांवर सेल उभा असतो, तिथे काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मल्टिमीटर असेल तर जुना सेल मोजा. नवा सेल तीन व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो. २.७-२.८च्या खाली असेल तर बदलायचाच. पण सेल बोर्डातून काढून, भाराशिवाय मोजल्यावर तो कधी कधी धडधाकट असल्याचं सोंग करतो. एवढ्याशा पैशांसाठी मोजमापाचा हट्ट नको. दहा वर्षं जुन्या मशीनमध्ये नवा सेल घाला आणि विषय संपवा.

सेल बदलला म्हणजे काम अर्धं झालं. आता सेटिंग्ज परत भरायची, कारण सेल काढल्यावर जे काही उरलं होतं तेही गेलं. बायोसमध्ये शिरा (एफ२, एफ१०, एफ१ किंवा डिलीट) आणि आधी तारीख-वेळ लावा. मग तीन ठिकाणी बघा.

एक, बूटचा मोड: लेगसी (सिस्टिम सुरू करायची जुनी पद्धत) की यूईएफआय (नवी पद्धत). विंडोज कोणत्या मोडमध्ये आहे ते विंडोज सुरू होत असेल तर आधीच पाहून ठेवा: विंडोजची कळ आणि आर, तिथे 'एमएसइन्फो३२', आणि उघडलेल्या पानावर 'बायोस मोड' या ओळीसमोर काय लिहिलंय. लिनक्ससाठी फाइल मॅनेजरमध्ये मुळापासून 'सिस', त्यात 'फर्मवेअर' असं जा. तिथे 'ईएफआय' नावाचा फोल्डर असेल तर लिनक्स यूईएफआयमध्ये चालू झालंय, नसेल तर लेगसीमध्ये. विंडोज ७ घेऊन जन्माला आलेल्या मशीनचं मूळ सेटिंग बरेचदा लेगसी असतं. म्हणून यूईएफआयमध्ये घातलेली दोन्ही सिस्टिम सेल गेल्यावर एकदम नाहीशी होतात आणि काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' येतं. लोक घाबरून डिस्क गेली समजतात आणि दुकानदाराकडे धावतात. तो परत विंडोज 'मारून' देतो, आणि लिनक्ससकट सगळा डेटा जातो. मोड यूईएफआय करून एकदा चालू करून बघितलं असतं तर काहीच गेलं नसतं.

दोन, साटाचा मोड: एएचसीआय की रेड (डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती). काही ऑफिस मशीनचं मूळ सेटिंग रेड असतं, डिस्क एकच असली तरी. विंडोज एका मोडमध्ये टाकलेलं असेल आणि मोड बदलला तर निळा पडदा आणि 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. लिनक्स मात्र बहुतेक वेळा कुरकुर न करता सुरू होतं. निळा पडदा आणि घड्याळ मागे, हे दोन्ही एकाच दिवशी दिसलं तर साटाचा मोड उलटा करून बघा. विंडोज परत टाकायचा विचार त्यानंतर.

तीन, बूटचा क्रम. इथे लिनक्सची नोंद 'विंडोज बूट मॅनेजर'च्या वर आणायची. मग सेटिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. सहा महिन्यांनी हे फोटो कुठल्याही गाइडपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

ऑफिसच्या मशीनची आणखी एक भानगड म्हणजे बायोसचा पासवर्ड. सेटिंग्ज दिसतात पण बदलता येत नाहीत, सगळं राखाडी. जुन्या कंपनीच्या आयटीवाल्याने तो लावलेला असतो आणि अशा मशीनवर तो सेल काढूनही सहसा जात नाही. मदरबोर्डवर पासवर्डसाठी वेगळा जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असतो, त्याची पद्धत मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. पण ज्याने मशीन विकलं त्याच्याकडे नेऊन उघडून घेणं सगळ्यात सोपं, आणि ते त्याचं कामच आहे. घेतानाच दुकानात बायोस उघडून एखादं सेटिंग बदलून बघावं.

विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर हे सगळं करण्याआधी त्याची रिकव्हरी की जवळ आहे ना, ते पाहा. बायोस बदललं की तो ती मागू शकतो.

आता सेल ठणठणीत आहे, घड्याळ बरोबर आहे, तरी त्रास आहे, असं असेल तर पुढचा संशयित म्हणजे दोन मोडांची सरमिसळ. सेकंडहँड मशीनवर ही इतकी सर्रास असते की मी दुसरं काही विचारण्याआधी हेच विचारतो. दुकानदार विंडोज एकदा एका डिस्कवर बसवतो आणि त्याच डिस्कची नक्कल सगळ्या मशीनवर उतरवतो. ती नक्कल बरेचदा लेगसी आणि एमबीआर (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, नोंदवायची जुनी पद्धत) पद्धतीची असते, कारण ती जुन्यातल्या जुन्या मशीनवरही चालते. आपण लिनक्सचा पेनड्राइव्ह लावतो. बूट मेनूत त्याच पेनड्राइव्हच्या दोन नोंदी दिसतात, एकीच्या आधी 'यूईएफआय' लिहिलेलं आणि एक नुसती. आपण वरची निवडतो. मिंटचा किंवा जुन्या उबुंटूचा इन्स्टॉलर मध्येच थांबून सांगतोही, की मशीन यूईएफआयमध्ये सुरू झालंय पण आधीची सिस्टिम बायोस पद्धतीची दिसते, पुढे गेलात तर नंतर ती सुरू करणं अवघड जाईल. या चौकटीत काय लिहिलंय ते कोण वाचतो! 'कंटिन्यू'.

परिणाम असा की ग्रबच्या मेनूत विंडोज दिसतच नाही, कारण यूईएफआयमध्ये सुरू झालेलं ग्रब लेगसीतल्या विंडोजला बोलवू शकत नाही. मग कुणीतरी बायोसमध्ये मोड बदलायला सांगतं. विंडोज येतं, लिनक्स जातं. परत मोड बदला, लिनक्स येतं, विंडोज जातं. दोन जावांचं एका चुलीवर जमत नाही तसला हा संसार, आणि तो बूट रिपेअरने सुधारत नाही. दोघांना एका मोडमध्ये आणणं हाच उपाय.

कुठल्या मोडमध्ये आणायचं? माझं मत सांगतो. दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर असेल, म्हणजे मशीन २०११च्या आसपासचं, तर त्याचं यूईएफआय कच्चं असतं, लेगसीतच सुखाने राहा. डिस्क २ टीबीपेक्षा मोठी नसेल तर लेगसीने काही अडत नाही. फक्त एमबीआरमध्ये मुख्य पार्टिशन चारच होतात हे लक्षात ठेवून लिनक्सची पार्टिशन एक्स्टेंडेडमध्ये (ज्याच्या आत आणखी पार्टिशन करता येतात अशा एका मुख्य पार्टिशनमध्ये) करायची. चौथ्या पिढीपासून पुढे यूईएफआय. तिसरी पिढी कुंपणावरची: आधी कंपनीच्या साइटवरून बायोसची शेवटची आवृत्ती टाका आणि मग यूईएफआय करून बघा.

विंडोज लेगसीतून यूईएफआयमध्ये न्यायला ते परत टाकावं लागतंच असं नाही. विंडोज १०च्या १७०३ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनेच 'एमबीआर२जीपीटी' नावाचं साधन दिलंय. ते डेटा न पुसता डिस्क जीपीटी (एमबीआरच्या जागी आलेली नवी पद्धत) करतं आणि ईएफआय पार्टिशन (जिथे बूटच्या फाइली राहतात) तयार करतं. अट अशी की डिस्कवर तीनपेक्षा जास्त मुख्य पार्टिशन नकोत आणि एक्स्टेंडेड पार्टिशन अजिबात नको. म्हणजे लिनक्स टाकण्याआधी हे काम करायचं, नंतर नाही. आधी त्याचं 'व्हॅलिडेट' चालवा, ते पास झालं तरच 'कन्व्हर्ट', आणि लगेच बायोसमध्ये जाऊन मोड यूईएफआय करा. बॅकअप न घेता हे करू नका, मग कोणी काहीही सांगो.

मोड एकच आहे, सेल नवा आहे, क्रम लावला, आणि तरीही प्रत्येक वेळी विंडोजच वर येतं, असंही एक प्रकरण असतं. त्या काळातल्या काही मोठ्या ब्रँडच्या मशीनचं फर्मवेअर बूटच्या नोंदींकडे दुर्लक्ष करून ईएफआय पार्टिशनमधली मायक्रोसॉफ्टची फाइलच शोधतं. ती सापडली नाही तर 'ईएफआय'मधल्या 'बूट' फोल्डरातली सर्वसामान्य फाइल, आणि मग बाकीचे. अशा मशीनवर नोंदी कितीही वेळा लिहा, व्यर्थ. आधी बायोसमध्ये 'कस्टमाइज्ड बूट' किंवा बूट फाइलचा मार्ग हाताने द्यायची सोय आहे का ते बघा, काही मशीनवर असते. डेबियनमध्ये ग्रबचं पॅकेज 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर'ने परत जुळवताना ग्रबची एक प्रत त्या सर्वसामान्य जागीही टाकायची का, असं विचारलं जातं. तिथे 'हो' म्हणा. नोंदींची यादी पुसली गेली तर फर्मवेअर आपोआप त्याच जागी येऊन शोधतं, त्यामुळे हे सगळ्यांनीच करून ठेवण्यासारखं आहे. मायक्रोसॉफ्टच्या फाइलचं नाव बदलून तिच्या जागी ग्रब ठेवायचा उपायही प्रचलित आहे, पण विंडोजचा पुढचा मोठा अपडेट ती जागा परत बळकावतो. मी तो शेवटच्या पानावर ठेवतो.

विंडोज अपडेट अगदीच निर्दोष आहे असं मात्र नाही. १३ ऑगस्ट २०२४च्या अपडेटने सिक्युअर बूट (मान्यता नसलेलं बूटलोडर अडवणारी सोय) चालू असलेल्या कितीतरी ड्युअल बूट मशीनवर लिनक्स अडवलं. 'व्हेरिफाइंग शिम एसबीएटी डेटा फेल्ड' असा संदेश यायचा आणि मशीन बंद. ड्युअल बूट असेल तिथे हा बदल लागूच होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, पण काही ठिकाणी ते ड्युअल बूट आहे हे अपडेटला ओळखता आलं नाही. आजही कुणी जुन्या आयएसओवरून (इन्स्टॉलरच्या फाइलीवरून) लिनक्स टाकायला गेलं तर हाच संदेश समोर येऊ शकतो. सिक्युअर बूट बंद करा, लिनक्स सुरू करा, 'एमओकेयूटिल' या कमांडने एसबीएटी पॉलिसी (कोणती जुनी बूटलोडर अडवायची त्याचा नियम) 'डिलीट'वर न्या, लिनक्स पूर्ण अपडेट करा, मग सिक्युअर बूट परत चालू. या मशीनवर सिक्युअर बूट बंदच ठेवलं तरी लिनक्स आणि विंडोज १० दोन्ही चालतात. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

उलटी तक्रार, म्हणजे लिनक्सच्या अपडेटनंतर मेनूतून विंडोज गेलं, त्याचं कारण साधं असतं. ग्रब २.०६पासून इतर सिस्टिम शोधणारा 'ओएस-प्रोबर' मुळात बंद असतो. 'ईटीसी'मधल्या 'डिफॉल्ट' फोल्डरात 'ग्रब' नावाच्या फाइलीत त्याची ओळ 'फॉल्स' करायची (ओळ 'डिसेबल' अशा नावाची आहे, म्हणून फॉल्स म्हणजे चालू), आणि 'अपडेट-ग्रब' चालवायचं. तसंच, लिनक्समधून विंडोजचा ड्राइव्ह उघडत नसेल किंवा त्यात काही लिहिता येत नसेल तर विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये ते असतं. मोठ्या अपडेटनंतर ते परत चालू झालेलं सापडतं, तेव्हा अधूनमधून नजर टाका.

डेस्कटॉप असूनही एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टिम कोंबायचा आग्रह मला खरं तर समजत नाही. लॅपटॉपमध्ये नाइलाज असतो, इथे बोर्डावर तीन-चार साटा पोर्ट रिकामे असतात. लिनक्ससाठी १२० किंवा २५६ जीबीची वेगळी एसएसडी घ्या. छोट्या खोक्यात जागा नसेल तर डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे बसवा, त्याची साटा वायर आणि पॉवर वायर आयती मिळते, नाहीतरी डीव्हीडी आता कोण लावतंय. लिनक्स टाकताना विंडोजच्या डिस्कची साटा वायर काढून ठेवा. 'बायोसमध्ये बंद केली' यावर विसंबू नका, वायरच काढा. उबुंटूचा जुना इन्स्टॉलर तुम्ही दुसरी डिस्क दाखवली तरी बूटलोडर पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये टाकतो, ही त्याची प्रसिद्ध खोड. वायर काढलेली असेल तर त्याला दुसरी जागाच उरत नाही. इन्स्टॉल झाल्यावर वायर परत लावा, बायोसमध्ये लिनक्सची डिस्क वर ठेवा, 'अपडेट-ग्रब' चालवा. आता काहीही झालं, एक डिस्क मेली, अपडेटने घोळ घातला, तरी दुसरी सिस्टिम आपल्या पायावर उभी असते. विंडोजच्या डिस्कवर लिनक्सचा मागमूस नसल्यामुळे उद्या मशीन विकतानाही सोयीचं.

सगळं करून झाल्यावर लगेच "झालं" म्हणू नका. लिनक्स बंद करा, बोर्डाचं बटण बंद करा, प्लग काढा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी प्लग लावल्यावर आधी थेट बायोसमध्ये शिरा आणि तारीख बघा, कारण लिनक्स सुरू झालं तर ते इंटरनेटवरून घड्याळ दुरुस्त करून पुरावा मिटवून टाकेल. तारीख आजची आणि वेळ बरोबर असेल तर सेल काम करतोय. नवा सेल घालूनही तारीख मागे गेली असेल तर सेलच्या खाचेतली खालची पट्टी दबलेली आहे का ते बघा, आणि मदरबोर्डवरचा सीमॉस (बायोसच्या सेटिंग्जची मेमरी) पुसायचा जम्पर कुणी 'क्लिअर'च्या जागी सोडून दिलाय का तेही. दुकानातून आलेल्या मशीनमध्ये हा जम्पर चुकीच्या पिनांवर सापडणं नवीन नाही. दोन्ही ठीक असेल तर बोर्डाचाच काहीतरी दोष आहे. वॉरंटीची मुदत संपायच्या आत, बायोसच्या त्या पानाचा फोटो घेऊन दुकानात जा.